दगूबाईची गाय

रिनाने गाय उचलली. खिडकीच्या कट्ट्यावर अकरा जनावरं ओळीने बसली होती. हत्ती होता, ससा होता, दोन मांजरी, तोंड वाकडं झालेलं एक माकड. तिची आई एवढंच म्हणाली होती की सुरतनी खोली लहान शे, एकच लेवानं. पोरीने विचार केला नाही, बोट फिरवून बघितलं नाही. सरळ गेली आणि गाय काखेत मारली, भाजीबाजारात आपण पिशवी मारतो तशी. मी दारात तांदूळ निवडत बसले होते. बोटांत खडा होता, तो टाकायचा राहून गेला. "हाई काब?" हीच का, म्हणून मी विचारलं. आवाज साधाच ठेवला, तसा माझा आवाज साधा राहत नाही. "हाई नानी शे ना," रिना म्हणाली. "तिले एकलीले सोडी जाऊ का?" आणि आत पळाली. रंजिता, माझी सून, टेपने बॅगेचं तोंड मोजत होती. तिने वर बघितलं नाही, पण तिचा हात टेपवर थांबला एवढं मला दिसलं. मला सगळं दिसतं, चष्मा नसला तरी. मी खडा धरून बसले आणि मनात म्हटलं, एकलीले. कापडाची गाय इथे एकटी राहील म्हणून हिचा जीव तुटतो. आणि ही सहा खोल्यांची जागा, हा अंगणातला नळ, ही मी? सोमवारची गाडी गेली की मी कोणाला हाक मारणार, मिक्सरला? हेमराजने, माझ्या मुलाने, मला चल म्हटलं होतं, तोंडदेखलं नाही, खरंच म्हटलं होतं. दोन वर्षं झाली त्याला सुरतेच्या कापड कंपनीत लागून, शनिवारी यायचा, रविवारी जायचा, आता कुठे खोली मिळाली. मीच म्हटलं, ही वत्सलाबाई कोणाच्या खोलीत मावत नाही. म्हटलं खरं. पण ते म्हणताना मला वाटलं होतं की माझं काहीतरी त्यांच्या बॅगेत जाईल. काय जाईल ते ठरवलं नव्हतं. जाईल, एवढं धरून चालले होते.

गाय हिरवी आहे. हिरवी गाय कोणी बघितली आहे का? हिरव्यावर पांढरे ठिपके, शिंगं काळ्या छत्रीच्या कापडाची, डोळ्यांना दोन बटणं, त्यातलं एक मोठं. हे ठिपक्यांचं लुगडं दगूबाईचं, माझ्या विहिणीचं, रिनाच्या नानीचं. अक्कलकुव्याच्या पुढच्या एका गावची. गेल्या चैत्रात गेली बिचारी. बिचारी म्हणायचं म्हणून म्हणते. वर्षातून चार दिवस यायची, एसटीने, पदराच्या गाठीत आमचूर बांधून. बोलायची नाही. काही विचारलं तर हसायची, आणि पुढचे दोन दात नव्हते ते हसताना दिसायचे. चहा घेता का विहीणबाई, तर हसणं. पोरगी कोणावर गेली म्हणता, तर हसणं. माझ्यासारख्या बाईला न बोलणाऱ्या माणसाची भीती वाटते, कारण काय उत्तर द्यायचं ते कळत नाही. आणि रिना, जिला मी तीनशे एकसष्ट दिवस न्हाऊ घालत होते, वेणी घालत होते, जिच्या तापात मी उशाशी बसत होते, ती उरलेले चार दिवस तिच्या मांडीवरून उतरायची नाही. मी वरण ओतताना डाव जरा जोरात आपटायची. दगूबाईला ते कळायचं का? कळत असेल. ती जाताना प्रत्येक वेळी माझ्या पाया पडायची, वयाने मोठी असून. मुलीची आई म्हणून तिची ती रीत. मी पडू द्यायची. आता वाटतं, एकदा तरी हात धरायला हवा होता. पण हेही आज वाटतं, तीन दिवसांपूर्वी वाटत नव्हतं. तीन दिवसांपूर्वी मला एवढंच वाटत होतं की मेलेल्या माणसाशी भांडताही येत नाही, ते नेहमी जिंकतं.

हे जनावरांचं खूळ रिनाचे आजोबा गेले तेव्हा सुरू झालं. त्यांचे कपडे आम्ही तेराव्याला वाटून टाकले, एक चौकड्याचा शर्ट तेवढा खुंटीला राहिला. मिरचीच्या मार्केटमध्ये ते तोच घालून बसायचे. कितीही धुतला तरी त्याच्या काखेत तिखट राहायचं, इस्त्री करताना शिंका यायच्या. रंजिताने मला विचारलं, "आत्याबाई, ह्यानं रिनाले काही करी देऊ का?" मी म्हटलं कर. मला वाटलं झबलं करेल. तिने हत्ती केला. कान त्यांच्या खिशाचे. पोरगी त्या खिशात चॉकलेट ठेवायला लागली, आजोबा म्हणून त्याच्याशी बोलायला लागली, आणि मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा मला बरं वाटलं की वाईट ते मला अजून सांगता येणार नाही. मग रंजिता रोज काहीतरी कापायला लागली. माझ्या धुतलेल्या पातळाकडे बघताना मी तिला पकडली, आणि त्याच दिवशी सांगून टाकलं. आमच्या माहेरी, तोरणमाळच्या खालच्या अंगाला, एका घरात चुलीच्या मागे एकदा करणीची कापडाची बाहुली निघाली होती. जित्या बाईच्या चोळीची. मी आठ वर्षांची होते. त्या घरातली धाकटी सून दुसऱ्या दिवशी गावात नव्हती. कुठे गेली ते मोठ्यांनी कधी सांगितलं नाही, आणि मी चौथीत शाळा सोडली तशी विचारणंही सोडलं. मेलेल्याच्या कापडाचं काही करा, ते गेलेलं आहे. जित्याच्या अंगावरचं कापड कापून त्याला हातपाय लावायचे नाहीत. मी बोट रोखून म्हटलं, "मन्हा कपडाले कात्री लावानी नही. मी जित्ती शे तोपावत नही." रंजिताने मान हलवली. तिच्या आईसारखीच, न बोलता. आणि मग गल्लीतल्या बाया यायला लागल्या. कोणाच्या सासऱ्याचं धोतर, कोणाच्या बाळाचं झबलं, चुनीलाल मास्तरची बायको तर मास्तरचाच शर्ट घेऊन आली. मास्तर बाहेर मोटारसायकलवर बसलेला, धडधाकट. म्हणते, "ह्यानं गाढव करी दे वं रंजिता, आनि तोंड ह्यास्नासारखं कर." बाया खो खो हसल्या. मीही हसले असते, पण त्यातली एक नवीन बाई दारात उभी राहून विचारत होती, रंजिताताईंचं घर हेच ना? चाळीस वर्षं हे वत्सलाबाईचं घर होतं. रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी तो बरोबर आणून सोडायचा.

मला शिवता येत नाही असं नाही. मशीन येत नाही, पण गोधडी घालावी तर ती मीच. रिना पोटात होती तेव्हा मी चार लुगड्यांची गोधडी घातली होती, तिच्यात वरच्या बाजूला माझं डाळिंबी लुगडं, लाल दोरा, धावदोऱ्याच्या ओळी इतक्या सरळ की त्यांच्यावर मुंगी चालवावी. ते डाळिंबी लुगडं फुलीबाई भांडेवालीने माझ्याकडे तीन वेळा मागितलं होतं. फुलीबाई डोक्यावर पाटी घेऊन येते, जुने कपडे घेते, स्टीलची भांडी देते. कापड उन्हात धरून बघते, दोन बोटांत ताणते, शिवण नखाने कुरतडते, आणि चांगलं असलं तरी नाक मुरडते. तिच्याशी घासाघीस करून जिंकणारी गल्लीत मी एकटी. पितळेची कळशी देत होती, मी दिलं नाही. रिना त्या गोधडीत पाच वर्षं झोपली. अंगठा तोंडात आणि एका हाताने गोधडीचं टोक नाकाशी. पुढे ती विरली, कोपऱ्यातून आतलं दिसायला लागलं, आणि एका दिवाळीच्या साफसफाईत दिसेनाशी झाली. त्याच आठवड्यात फळीवर नवा डबा आला, झाकणाला कडी असलेला. मी डब्याकडे बघितलं, रंजिताकडे बघितलं. समजले. विचारलं नाही. मी का विचारायचं? ज्याने दिली त्याने सांगावं. दोन वर्षं मी रोज त्या डब्यातून डाळ काढते आहे आणि रोज झाकण लावताना हात जड करते आहे. जी बाई स्वतःच्या आईचं फाटकं पातळ आणून त्याची गाय करते, तिने माझी गोधडी डब्यावर दिली. हे मी कोणाला सांगितलं नाही, शेजारच्या कौसाबाईलासुद्धा नाही. अशा गोष्टी सांगितल्या की हलक्या होतात, आणि मला ती हलकी करायची नव्हती.

शनिवारी दुपारी रंजिता रिनाला घेऊन शाळेत दाखला आणायला गेली. घरात कोणी नव्हतं. बॅगेची चेन अर्धी उघडी आणि त्यातून गायीचं तोंड बाहेर, मोठ्या बटणाचा डोळा माझ्याकडे. मी दोनदा तिच्यावरून गेले. पाणी प्यायले. मग गल्लीच्या तोंडाशी आवाज आला, "भांडा ल्या वं माय, भांडा! जुना कपडा, नवा भांडा!" आणि मी बघितलं तर गाय माझ्या हातात होती. मी ठरवलं असं मला आठवत नाही. मला एवढं आठवतं की ती वाटली होती त्यापेक्षा जड होती. दारात जाऊन मी फुलीबाईला हाक मारली, तिने पाटी उतरवली, कमरेला हात लावून उभी राहिली. "हाई काय वं मोठीमाय? मी कपडा लेस, जनावर लेस नही."

"कपडाच शे. उसवी ले."

"आनि पोर रडी ते?"

"तुले कसाले पाहिजे? वाटी दे एक, बस."

बोलता बोलता तिने गाय उन्हात धरली, सवयीने दोन बोटांत पोट ताणलं, सवयीने शिवण नखाने कुरतडली. टाका सुटला. दुसरा सुटला. आतून कापडाचं एक टोक बाहेर आलं आणि फुलीबाईने ते ओढलं. ती ते टोक अंगठ्याने चोळत राहिली आणि मग तोंडाला पदर लावून हसली. "आते गं बया. हाई ते तुम्हनं डाळिंबी लुगडं शे! मन्ही कळशी नाकारी व्हती तुम्ही ह्यानाकरता. मन्ही नातनी गोधडीले शे, असं सांगं व्हतं."

मला उन्हाने डोळे मिटावेसे वाटले. मी म्हटलं, "ती गोधडी ते तुन्हाकडे उनी व्हती. डबा दिधा व्हता तू, कडीना."

"कडीना डबा? तो ते हेमराजभाऊन्या तीन पँटी आनि सफारीवर दिधा व्हता." तिने पाटी उचलली. "गोधडी कोन लेस वं मोठीमाय? टाका उसवता उसवता जीव जास. तुम्हले माहीत नही का?"

मला माहीत होतं. हेच तर. गोधडी भांड्यावर जात नाही, हे मला लग्नाच्या आधीपासून माहीत होतं. मी स्वतः किती बायांना हसले होते गोधड्या घेऊन भांडेवालीच्या मागे धावणाऱ्या. आणि दोन वर्षं मी ते विसरून राहिले, कारण मला विसरायचं होतं. गाय माझ्याकडेच टाकून फुलीबाई गेली. मी दार लावलं, मागच्या ओट्यावर बसले आणि गायीच्या पोटात हात घातला. लांबच लांब पट्ट्या निघायला लागल्या, डाळिंबी, खाली पिवळी, खाली राखाडी, एकमेकींना अजून शिवलेल्या. लाल दोरा. माझा दोरा. एकेक ओळ मी ओळखत होते. ही चांगली, ही दिवे गेले तेव्हाची, ही हेमराजला कावीळ झाली त्या आठवड्यातली, हिचा टाका जरा मोठा. नाकाला काहीतरी लागलं आणि मला शिंक आली, दुसरी आली. ते लुगडं माझ्या अंगावर असताना रिनाचे आजोबा मिरचीच्या मार्केटमधून येऊन त्याच पदराला हात पुसायचे. इतकी वर्षं कुठे बसलं होतं ते तिखट? मी पट्टीची कड डोळ्यांजवळ नेली. कात्रीची कड सरळ असते, कोरी असते. ही कड दोऱ्यांनी भरलेली, केसाळ होती. हाताने फाडलेली. सगळ्याच पट्ट्या. मी बोट रोखून जे सांगितलं होतं ते हिने अक्षर न अक्षर पाळलं होतं. मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. मला जे वाटलं ते खरं सांगते: बाहेर दगूबाई आणि आत मी. लोकांना दिसते ती दगूबाई, पोरगी जिच्या गालाला गाल लावते ती दगूबाई, आणि मी भरताड. अंधारात बसलेली, तिला गोल दिसायला मदत करणारी. मेल्यावरसुद्धा ही बाई माझ्या अंगावरून पांघरूण ओढून बसली आहे. मी त्या पट्ट्या मुठीत धरून बसले होते, मांडीवर गायीची रिकामी कातडी, एवढीशी, सुकलेल्या मिरचीसारखी चपटी.

दाराचा आवाज मी ऐकला, पण उठता आलं नाही.

"आत्याबाई, काय करं हाई?" रंजिता दाखला हातात धरून उभी होती. तिच्या कमरेमागून रिनाने बघितलं, आणि ती ओरडली नाही. ओरडली असती तर सोपं गेलं असतं. अगदी हळू म्हणाली, "नानी पुन्हा मरी गयी का?" मग आईकडे बघून, "कोनी फाडं?"

उंदीर म्हणता आलं असतं. फुलीबाई म्हणता आलं असतं, ते अर्धं खरं होतं. माझ्या जिभेवर दोन्ही आलं. "मी," मी म्हटलं.

रंजिता खाली बसली. पट्ट्या गोळा करायला लागली, माझ्या मुठीतली सोडून. रडत नव्हती. हळूच म्हणाली, "तुम्ही सांगं व्हतं ना, कात्री लावानी नही. मी लावी नही. गोधडी विरनी म्हनीसन पेटीमा ठेयेल व्हती. जितलं हाते फाटनं तितलंच लिधं."

"माले सांगं काब नही?"

"तुम्ही कधी इचारं?" एवढं बोलून तिला स्वतःलाच भीती वाटली असावी, कारण लगेच तिने मान खाली घातली. पण थांबली नाही, ते तिचं मला पहिल्यांदाच आवडलं. "कापूस भरा ते धुवावर त्यान्या गाठी व्हतीस. आनि मन्ही मायनं लुगडं पार विरेल व्हतं, आत्याबाई. नुसतं ते उभं ऱ्हायेच ना. घरमा दुसरं काही इतलं दाट शिवेल नव्हतं."

दाट शिवेल.  दगूबाई उभी राहत नव्हती, तर तिला मी उभी धरून होते, चैत्रापासून, मला न सांगता. हे ऐकून मत्सर गेला म्हणायला मी काही देवळात बसलेली बाई नाही. तो होता तिथेच होता, फक्त त्याला बसायला जागा मिळाली. रिना माझ्या गुडघ्याशी आली, पट्टीचं एक टोक उचललं, वास घेतला आणि शिंकली. मग दुसऱ्या टोकाचा वास घेतला. तिच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला कळलं नाही. आठवण असेल, नुसतं तिखट असेल. मी विचारलं नाही, आणि या वेळी न विचारणं मानापायी नव्हतं. नको ते उत्तर आलं तर, म्हणून. "जाय," मी म्हटलं, "मन्ही सुई आन. आनि लाल दोरा. तुन्ही मायना तो पांढरा नको."

पट्ट्या मी माझ्या हाताने भरल्या, पायांत आधी, मग मानेत, घट्ट. रंजिता म्हणाली की टाका आतून घेतला तर दिसत नाही, ती दाखवते. मी म्हटलं, "माले दखाडू नको." आणि गायीच्या हिरव्या पोटावर बाहेरून धावदोरा घातला, लाल, हातभर लांबून दिसेल असा. दगूबाईच्या ठिपक्यांवरून सुई नेताना हात थोडा अडला. त्या लुगड्याला मी आधी कधी हात लावला नव्हता. मऊ होतं. माझ्या कोणत्याही लुगड्यापेक्षा मऊ. पाया पडताना ते माझ्या पावलांना लागत असे, तेव्हा मी खाली बघत नसे. तोंडाशी आले तेव्हा एक डाळिंबी पट्टी हातात उरली होती, वीतभर. ती मी आत कोंबली नाही. तोंडाची शिवण उसवली, पट्टीचं एक टोक आत घातलं, दुसरं बाहेर ठेवलं आणि चार टाके घालून बंद केलं.

"आत्याबाई, तो टुकडा बाहेर ऱ्हायना."

"ऱ्हाऊ दे."

रिनाने गाय उचलून समोर धरली. तिच्या गालांवरचं पाणी अजून वाळलं नव्हतं. "हाई काय शे, जीभ? गायनी जीभ इतली लांबी ऱ्हास का?"

"तुन्ही नानी काही बोलेच ना," मी म्हटलं. "आते बोली."

रंजिता हसली. तोंडावर हात न ठेवता, माझ्यासमोर, लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर. हसताना ती तिच्या आईसारखी दिसते, दात सगळे असले तरी.

सोमवारी स्टेशनवर हेमराजने सामान चढवलं, रंजिताचं शिलाई मशीन टेम्पोने आधीच गेलं होतं. तो माझ्या पाया पडला, पाणी गरम करून पी म्हणाला, पुन्हा एकदा चल म्हणाला, आणि मी पुन्हा नाही म्हटलं, पण खोलीत मावण्याचं काही बोलले नाही. रंजिता वाकली तेव्हा मी तिला अर्ध्यात धरलं. तिला ते समजलं नाही, तिने पदराला काही लागलं का म्हणून खाली बघितलं. रिना खिडकीशी बसली आणि लगेच पुढच्या बाकावरच्या पोराशी बोलायला लागली, ते पोर केळं खात होतं. गाय तिच्या खांद्यावर होती, बाळाला घेतात तशी. मी प्लॅटफॉर्मवर उभी राहून बघत होते की पोरगी त्या पोराला काय सांगते आहे. तिने गायीच्या पाठीवर थापटलं आणि तिचे ओठ हलले. नानी म्हणाली असेल. प्लॅटफॉर्मच्या गोंगाटात ऐकू येत नाही.  मग मला वाटलं, तिथे सुरतेत, शेजारच्या बाया म्हणतील ही काय लोंबती जीभ, वाईट दिसते, कापून टाक. रंजिताच्या हाताशी कात्री कायमच असते. इंजिनाने शिटी दिली. मी खिडकीच्या गजांशी गेले, रंजिताकडे बघितलं, आणि बोलायची गरज पडली नाही. कात्री लावायची नाही हे मी एकदाच सांगितलं होतं, आणि ती बाई सांगितलेलं कसं पाळते ते मला आता माहीत होतं. गाडी हलली. रिनाचं तोंड त्या केळं खाणाऱ्या पोराकडे होतं. गायीचं माझ्याकडे होतं, आणि वाऱ्याने जीभ हलत होती.